जिन्यात टांगलेला गोळा आणि नारळीकर सर

शिरपूरच्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलंय, की सर तुम्ही आयुकाला, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्राच्या केंद्राला जायचात ना, मग जयंत नारळीकर सर तिथले संचालक म्हणून कसे होते, आठवणी असतील तर सांगा, आणि दुसरं म्हणजे आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात राहून फिजिक्समधे काही करता येतं का की नुसता सिलॅबस संपवायचा. भाऊ, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत पण मला विचाराल तर तो एकच आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणूनच त्या माणसानं ती संस्था काढली होती. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली. मी काही सरांच्या जवळचा माणूस नाही, विद्यार्थी नाही, सहकारी नाही. खान्देशातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यातली सहा वर्षं म्हणजे तीन-तीन वर्षांच्या दोन टर्म आयुकाचा व्हिजिटिंग असोसिएट होतो, एवढंच. समोरासमोर बोलणं आयुष्यात चार-पाचदा झालं असेल, तेही चहाच्या टेबलाशी उभ्या उभ्या. त्यामुळे "सर मला एकदा म्हणाले" टाइपच्या गोष्टी माझ्याकडून मिळणार नाहीत. सर २० मे २०२५ ला गेले त्यानंतर अशा गोष्टींचा नुसता पूर आला होता, त्यातल्या निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही, कारण सर एवढं बोलायचेच नाहीत मुळी. अगदी हळू, सरळ बोलायचे, टाळ्या घेणारं वाक्य टाकायचं आणि थांबायचं हे त्यांना जमायचं नाही किंवा जमवायचं नसायचं. भाषणाला गेलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं वाटायचं की हे काय, एकदम सपाट, आणि मग कधीतरी लक्षात यायचं की अरे, आपल्याला समजतंय सगळं.

आता संस्थेबद्दल. १९७२ ला केंब्रिजहून परत आल्यावर सर मुंबईला टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. नाव, मान, सगळं होतं, पद्मभूषण तर १९६५ लाच मिळालं होतं, म्हणजे वयाच्या २७ व्या वर्षाच्या आत. अशा माणसाला पन्नाशीत नवीन संस्था उभारायची हौस कशाला हवी, ती कटकट असते हो, बांधकामाची बिलं, नेमणुका, दिल्लीचे हेलपाटे. यश पाल तेव्हा यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, त्यांच्या पुढाकारानं १९८८ ला आयुका पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरू झाली, सुरुवातीपासून सरांबरोबर नरेश दधीच आणि अजित केंभावी होते, आणि १९९२ च्या डिसेंबरात नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर स्वतः आले होते ती देशाला अर्पण करायला. सर २००३ पर्यंत संचालक राहिले.

पण यात खरी मेख नावातच आहे. आंतरविद्यापीठीय केंद्र. म्हणजे आम्ही तिथं पाहुणे नव्हतो, संस्थाच आमच्यासाठी होती. विद्यापीठात आणि कॉलेजात शिकवणाऱ्या माणसांनी यावं, राहावं, लायब्ररी वापरावी, कॉम्प्युटर वापरावा, तिथल्या लोकांशी भांडावं आणि परत जाऊन आपल्या पोरांना शिकवावं. प्रवासखर्च संस्था देणार, राहायची सोय संस्था करणार. आजच्या पोरांना यात काय विशेष वाटणार नाही, मोबाईलवर सगळे पेपर येतात. पण ९० सालच्या आसपास आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत फिजिक्सचं सगळ्यात नवीन पुस्तक मी स्वतः विद्यार्थी असताना वापरलेलं होतं, त्यात माझ्याच हस्ताक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या! उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० ला झालं, तोवर आम्ही पुण्याच्या शेपटीलाच होतो, एक जर्नल बघायचं तर रात्रीची गाडी धरायची.

पहिल्यांदा गेलो ते महाराष्ट्र एक्सप्रेसनं, पिशवीत दोन किलो मेहरूणची बोरं, कारण रिकाम्या हातानं कुणाकडे जायची आपल्याकडे पद्धत नाही. प्राचार्यांनी ड्युटी लीव्ह नाकारली होती, म्हणाले आकाशातल्या ताऱ्यांचा आणि आपल्या रिझल्टचा काय संबंध (बीएस्सीचा रिझल्ट त्या वर्षी खरंच वाईट होता, त्यामुळे मला फार बोलताही येईना). स्वतःच्या रजेवर गेलो. आत शिरलो तर मधे ते वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी केलेलं कुंड, पायऱ्या-पायऱ्यांचं, आणि चौकात चार पुतळे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन. शाळेची एक सहल आली होती, पोरं आइनस्टाइनशेजारी उभी राहून फोटो काढत होती आणि कुणी हटकत नव्हतं. सरकारी संस्थेत पोरांना कुणी हटकत नाही हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि आत फुकोचा लंबक. इथं मी अडकलोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लांब तारेला जड गोळा टांगून झुलवला की त्याची झुलण्याची दिशा हळूहळू फिरताना दिसते. फिरते खरं म्हणजे पृथ्वी, गोळा आपला आपल्या रेषेत झुलत असतो. ध्रुवावर २४ तासांत पूर्ण चक्कर, विषुववृत्तावर चक्करच नाही, आणि मधल्या गावांना २४ भागिले अक्षांशाची साइन. पुण्याला साधारण ७५ तास येतात. मी तिथंच उभ्या उभ्या एस.टी.च्या तिकिटामागे गणित केलं, जळगाव २१ अंशांवर, म्हणजे ६७ तास, तासाला पाच अंशांहून थोडं जास्त. पुस्तकात हे सूत्र मी तोवर दहा-बारा वर्षं शिकवलं होतं, पण आपल्या गावाचा आकडा कधी काढला नव्हता. लाज वाटली, खरंच.

परत आल्यावर कॉलेजच्या जिन्यात लंबक टांगायचं ठरवलं. तीन मजली जिना, मधे मोकळी जागा, साधारण ११ मीटर उंची. गोळा कुठला, तर स्पोर्ट्स डिपार्टमेंटचा गोळाफेकीचा १६ पौंडी, सव्वासात किलोचा, त्याला लेथवाल्याकडून भोक पाडून घेतलं, स्पोर्ट्सचे सर दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. तार स्टीलची. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत ढकलला, पंधरा मिनिटांत गोळा सरळ रेषेत झुलायचं सोडून अंड्यासारखा लंबगोल फिरायला लागला आणि मग त्यात पृथ्वी कुठली फिरते नि आपली चूक कुठली फिरते, काही कळेना. शिपाईदादा जिना झाडत होते, खाली उभे राहून बघत म्हणाले, "सर, हाई काय शे?" मी म्हटलं, पृथ्वी फिरते ते दाखवतोय. ते म्हणाले मग हा गोळा कशाला फिरतोय. एका वाक्यात रेफरी रिपोर्ट!

पुढच्या खेपेला आयुकाला गेलो तेव्हा ही चूक घेऊनच गेलो, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. तिथं गुरुत्वीय लहरींवर काम करणारी माणसं बसलेली, आणि मी विचारतोय काय, तर जिन्यातला गोळा वाकडा का फिरतो. चहाच्या वेळी कुणीतरी मला पुढे केलं, सर तिथंच उभे होते. कुठून आलो, काय शिकवतो ते विचारलं, आणि माझी सगळी कथा शेवटपर्यंत ऐकून घेतली. हसले नाहीत. मधे तोडलं नाही. एवढंच. तुम्ही म्हणाल यात काय, पण तुम्ही नोकरीत पाच वर्षं काढा, विद्यापीठाच्या मीटिंगा करा, मग कळेल की पूर्ण ऐकून घेणारा साहेब किती दुर्मिळ असतो. मग तिथल्याच दोघांनी बसून मला समजावलं, की तार वर हुकात अडकवलीस तर हुक एका बाजूला जास्त लवचिक असतो, तिथून लंबगोल सुरू होतो, तार चारी बाजूंनी सारखी पकडली गेली पाहिजे. आणि हातानं ढकलायचंच नाही, हात कधी सरळ सुटत नाही. गोळा सुती दोऱ्यानं ओढून भिंतीला बांध, अगदी स्थिर होऊ दे, मग काडीनं दोरा जाळ.

वर मी ड्रिल मशीनचा जुना चक बसवला, तार त्याच्या तीन दातांत गच्च. दोरा बांधला, वीस मिनिटं गोळा शांत व्हायची वाट पाहिली, पंखे बंद, दारं बंद, मे महिना, ४४ अंश, जिन्यात साठ पोरं घामानं निथळतायत आणि कुणी बोलत नाही. काडी लावली. दोरा तुटला तसा गोळा निघाला, संथ, एका फेरीला साडेसहा सेकंदांच्या वर. जमिनीवर खडूनं रेघ मारली होती. तासाभरानं रेघेपासून बाजूला सरकलेला दिसला, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, कोनमापक लावला तर पाचाच्या जरा पुढे. पोरांनी जो आरडाओरडा केला तो ऐकून प्राचार्य खाली आले, त्यांना वाटलं कुणी जिन्यावरून पडलं. पुढच्या वर्षीपासून ड्युटी लीव्ह मिळायला लागली, हेही लिहून ठेवतो, उगाच त्यांना बदनाम का करा.

हे सगळं सरांनी केलं का? नाही. पण असं काही घडेल अशी जागा त्यांनी केली. माझ्या मते संचालक म्हणून त्यांचं खरं काम हेच.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त मोठी वाटते. सर स्वतः बिग बँगच्या, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं या मताच्या विरोधात, आयुष्यभर. आधी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर स्थितीचा सिद्धांत (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच), मग १९९३ ला हॉइल, बरबिज आणि सर अशा तिघांनी त्याचीच सुधारलेली आवृत्ती मांडली. जगातले बहुतेक लोक दुसऱ्या बाजूला, आणि खरं सांगायचं तर मीही दुसऱ्याच बाजूला, आकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीचं त्यांचं स्पष्टीकरण मला कधी पटलं नाही. पण गंमत बघा, त्यांच्याच संस्थेत पद्मनाभन, वरुण साहनी ही मंडळी बिग बँगच्या चौकटीतलं विश्वरचनाशास्त्र करत होती आणि जगात नाव काढत होती. संचालकाच्या सिद्धांताला मान डोलावली तरच नोकरी, असं तिथं नव्हतं. आपल्याकडे हेड ऑफ डिपार्टमेंटचा गाइड कोण यावरून माणसं निवडली जातात, तिथं संचालकाच्या विरुद्ध मताची माणसं शेजारच्या खोलीत. संजीव धुरंधर १९९० च्या आधीपासून गुरुत्वीय लहरी कशा हुडकायच्या याचं गणित करत होते, तेव्हा लोक म्हणायचे हे कधी सापडणार. ११ फेब्रुवारी २०१६ ला लायगोची (या लहरी पकडणारी अमेरिकेतली वेधशाळा) घोषणा झाली, की लहरी सापडल्या, तेव्हा त्यात या गटाच्या कामाचा वाटा होता, आणि आता लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतेय. पंचवीस वर्षं काही न सापडणाऱ्या कामाला जागा देणं, याला मी धाडस म्हणतो, आणि ते हळू आवाजात केलेलं.

तिसरं म्हणजे फलज्योतिष. २००१ ला यूजीसीनं विद्यापीठांतून ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम काढायचं ठरवलं. आता आयुका कुणाच्या पैशावर चालते? यूजीसीच्याच. आणि सर अजून संचालक. पण त्यांनी जाहीर विरोध केला, लेख लिहिले. मी त्या काळी रजा नाकारली तरी गप्प बसणारा माणूस, मला ते वाचून आधी भीती वाटली होती की संस्थेचं अनुदान जाईल आता. पुढे त्यांनी दाभोलकर वगैरे मंडळींबरोबर एक चाचणीच घेतली, हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, ओळखा कुठली कुणाची. सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४ बरोबर, आणि सगळ्यांची मिळून सरासरी तर नाणं उडवून येईल त्याच्याही खालीच. मी हे स्टॅटिस्टिक्स शिकवताना दरवर्षी वापरायचो, पोरांना वाटायचं सर आता देवाधर्मावर बोलणार, मी फक्त म्हणायचो, ४० नाणी उडवा आणि मोजा. (त्याच पोरांच्या लग्नाच्या पत्रिका मग गुण जुळवून यायच्या आणि मी जेवायलाही जायचो, ते असो.)

पोस्टकार्डाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. पोरं सही मागायला आली की सर सही द्यायचे नाहीत, म्हणायचे विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. हे मी ऐकून होतो, आमच्या शाळेतल्या पोरांकडून करून पाहिलं. कॉलेजला लागूनच आमच्या शिक्षणसंस्थेची शाळा होती, तिथं शनिवारी विज्ञान मंडळ घ्यायचो. १५ पैशांची अकरा कार्डं आणली. अट एकच, प्रश्न पुस्तकातला नको. सगळ्यांना प्रश्न सुचायला तीन शनिवार लागले! एका मुलीनं, वडील केळीच्या बागेत सालदार, तिनं लिहिलं की पुनवेचा चंद्र उगवताना बागेच्या वर एवढा मोठा दिसतो आणि मध्यरात्री लहान होतो, तर तो लांब जातो का. महिना-दीड महिन्यानं तिच्या नावाचं कार्ड आलं. पोस्टमननं ते आधी स्वतः वाचलं, मग तिच्या आईला वाचून दाखवलं, मग दिलं.

कार्डावर काय होतं ते मी इथं लिहीत नाही. कार्ड तिच्याकडे आहे, माझ्या आठवणीवर विसंबून त्यांच्या तोंडी शब्द घालायला मला आवडणार नाही. पण त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगतो. तुरीचा एक दाणा घेतला, हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून, उगवत्या चंद्रापुढे धरला. झाकला गेला. पाच तासांनी चंद्र डोक्यावर आल्यावर तोच दाणा, तोच हात. तेवढाच झाकला गेला. चंद्राचा कोन अर्धा अंशच असतो, उगवताना नि डोक्यावर फरक पडत नाही, उलट डोक्यावरचा चंद्र आपल्याला किंचित जवळ असतो. मोठा दिसतो तो आपल्या डोक्यात. त्या रात्री शेतात आम्ही चौदा जण हात लांब करून उभे होतो, आणि रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारत होता की कशाला नमस्कार करताय. ती मुलगी आज नाशिकला शिक्षिका आहे, शाळेत तुरीचा दाणा घेऊन जाते म्हणे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, छोट्या कॉलेजात राहून काही होतं का. चाळीसगावजवळच्या पाटणदेवीला जाऊन आलात का? नसाल तर पावसाळ्यात जा, बघण्यासारखं असतं. तिथं शके ११२८ चा शिलालेख आहे, एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. भास्कराचार्य मूळचे इथलेच का यावर वाद आहे, तो मी इथं उकरत नाही. पण शिलालेखाचा शेवट मराठीत आहे आणि त्यात मठाला काय काय मिळणार ते दिलंय, त्यात दर घाण्यामागे पळीभर तेल. पळीभर तेल! म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या तेल्यांच्या पळीवर गणिताची शाळा चालत होती, आडवळणाच्या डोंगराखाली. आयुकात व्याख्यानांच्या हॉलला भास्कराचं नाव आहे, तिथं बसून मला प्रत्येक वेळी ती पळी आठवायची. सेमिनारकडे लक्ष कमीच असायचं, हे कबूल करतो.

तर होतं, पण एकट्यानं होत नाही, तेल कुठून तरी यावं लागतं. आयुकाची असोसिएटशिप अजून आहे, अर्ज करा, पहिल्या वेळी नाही झालं तर परत करा, माझंही पहिल्यांदा झालं नव्हतं. शाळेच्या पोरांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं मराठीतही असतात, उन्हाळ्यात आठवड्याभराचा प्रोजेक्टही असतो. मोठा रिसर्च नाही जमला तरी हरकत नाही, मीही आयुष्यात चारच पेपर लिहिले, त्यातले दोन बरे आहेत. आणि हो, सर मराठीतून लिहायचे ते कर्तव्य म्हणून नाही, मजा म्हणून. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं गोष्ट पाठवली, आद्याक्षरं उलटी वाचा, ज. वि. ना. होतात, बक्षीस मिळाल्यावर कळलं लोकांना. आपल्या नावामुळे नंबर नको म्हणून. तेव्हा मराठीतून लिहायला लाजू नका.

लंबकाचं म्हणाल तर आमच्या जिन्यात आता लिफ्ट झालीये. गोळा, तार आणि तो चक मी रिटायर होताना घरी आणला, माळ्यावर आहे, बायको दर दिवाळीला विचारते की हा लोखंडाचा लाडू कधी जाणार. तुमच्या कॉलेजचा जिना किती मजली आहे आणि मधे मोकळी जागा किती ते मोजून कळवा. दहा मीटर भरत असेल तर मी शिरपूरला घेऊन येतो, फक्त वर छतात चक बसवायला एक धीराचा वेल्डर बघून ठेवा.